समोरच्याच्या अरबीत बोल

पोरी,

तुझं पत्र वाचलं. अम्मानच्या सेव्हन हिल्स स्केटपार्कवर तू फुसहामध्ये, म्हणजे पुस्तकी प्रमाण अरबीत, 'आता माझी पाळी का' असं विचारलंस आणि पोरं हसली. आता म्हणतेस, आधी व्याकरण पक्कं करते, मगच तोंड उघडते. हे मला मुळीच मान्य नाही. फुसहा सोडू नकोस. वर्तमानपत्र, अर्ज, भाषणं सगळं तिच्यातच आहे. पण बोर्डवर उभी असताना समोरच्याच्या अरबीत बोल.

कुठे उभी आहेस ते तरी बघ! डिसेंबर 2014 मध्ये स्वयंसेवकांनी बांधलेल्या त्या पार्कवर जॉर्डनी मुलांबरोबर पॅलेस्टिनी, सीरियन, इराकी, सुदानी घरांतली मुलं येतात. 'आता' हाच शब्द घे. अम्मानचा पोरगा म्हणेल 'हल्लअ', बगदादचा 'हस्सा'. उद्या मोरोक्कोत तघाझूतच्या पार्कवर गेलीस तर 'दाबा'. पुस्तकातलं 'अल-आन' खेळता खेळता कोण म्हणतं?

ऑली, किकफ्लिप ही उड्यांची नावं तिथेही इंग्रजीच, ती तुला काही शिकवणार नाहीत. दोन उड्यांच्या मधलं बोलणं ऐक. कोणी आपटला की 'सलामतक', म्हणजे सुखरूप राहा, मुलगी असेल तर 'सलामतिक'. उडी जमली की 'माशाल्लाह'. अजून एकदा म्हणजे 'कमान मर्रा', हळूहळू म्हणजे 'श्वय श्वय'. घामाघूम झालेल्याला 'यअतीक अल-आफिये', म्हणजे देव तुला बळ देवो, म्हणतात आणि त्यावर 'अल्लाह यआफीक' हे उत्तर द्यावंच लागतं. गप्प राहिलीस तर ते तुला तुटक समजतील. 'खलास' तर तुझ्या आजीच्याही तोंडी असेल.

माझ्या वर्गात बोलीभाषेला 'बिघडलेली अरबी' म्हणत. मी तरीही बसमध्ये, भाजीवाल्यांशी बोलून शिकत राहिले. परीक्षेत गुण कापले गेले, 'बाजारू अरबी' म्हणून नाकं मुरडली गेली. मुरडू देत. मला लोकांनी घरात घेऊन जेवायला वाढलं ते त्याच अरबीमुळे, आणि आजही मी तसंच शिकेन. खंत एकच: पोरांत मिसळायला माझ्याकडे तुझ्यासारखा बोर्ड नव्हता. माझी अरबी मोठ्या माणसांची, घासाघिशीची राहिली. लहान मुलं भांडतात कशी, रुसतात कशी, ते मला आजही नीट येत नाही.

म्हणून तुझ्या त्या व्याकरणाच्या बहाण्याचा राग येतो. समोरच्याच्या अरबीत बोल म्हणजे आजच बोल. तिथे नवख्या मुलांना बोर्ड वापरायला देतात, शिकवतात. त्या शिकवणीत हात लाव. एखादीचा हात धरून 'शूफी, शूफी', म्हणजे बघ बघ, करत तिला रॅम्पवरून उतरव. मध्येच 'शूफ' म्हणालीस तर ती लगेच तुला टोकेल, कारण ते मुलग्याला म्हणतात. तिने दुरुस्त केलेलं सगळं वहीत उतरवून घे आणि मला लिहून पाठव. विशेषतः रुसव्याचे शब्द.

तुझी,
ताई