दिवा चालू होता, पण मागून दिसत होता का?

प्रश्न : माझी नऊ मीटरची इंजिनाची होडी आहे. समुद्राला मिळणाऱ्या नदीतून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने परतत असताना मागून आलेल्या लाँचने धडक दिली. लाल, हिरवा आणि पांढरा असे तिन्ही दिवे लागलेले होते. पांढरा दिवा केबिनच्या पुढच्या बाजूला, छताखाली आहे. ‘तुमची होडी अंधारात होती’ असं म्हणून लाँचमालकाने संपूर्ण भरपाईची नोटीस पाठवली आहे. मी दोषी ठरतो का?

उत्तर : काही अंशी ठरू शकता, पण संपूर्ण दोष तुमच्यावर येणं कठीण आहे.

आधी तुमची कमकुवत बाजू. तुमचे लाल-हिरवे दिवे या धडकेत उपयोगाचे नाहीत. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार बाजूचा प्रत्येक दिवा समोरून ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो. मागचे १३५ अंश उरतात, तिथे फक्त पांढरा दिवा दिसायला हवा. बारा मीटरपेक्षा लहान इंजिनाच्या होडीला चारही बाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. मात्र तो बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान एक मीटर उंच हवा आणि दोन सागरी मैलांवरून, म्हणजे साधारण ३.७ किलोमीटरवरून, दिसायला हवा. तुमचा दिवा केबिनआड झाकला जात असेल, तर मागून येणाऱ्यासाठी तो नसल्यासारखाच. छताखाली दिवा बसवण्याची ही चूक लहान होड्यांवर सर्रास दिसते, कारण तिथे वायर ओढणं सोपं जातं.

आता लाँचची बाजू. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढच्या होडीपासून दूर राहायचं, हा त्याच नियमांतला १३ वा नियम. डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवणं (नियम ५) आणि दिसण्याच्या मानाने वेग ठेवणं (नियम ६) हेही लाँचच्या तांडेलावर (चालकावर) बंधनकारक होतं. समोरच्या होडीला दिवा नाही म्हणून ही जबाबदारी संपत नाही. त्या वेळी आकाशात किती उजेड होता, लाँचचा वेग किती होता, पुढे टेहळणीला कोण उभं होतं, हे प्रश्न तुमच्या वकिलाने विचारायलाच हवेत. दोष दोघांचा ठरला तर नुकसान सहसा दोषाच्या प्रमाणात वाटलं जातं.

म्हणून पुरावा जपा, आणि तोही दुरुस्तीच्या आधी. बल्ब तारेचा असेल तर तो काढू नका, बदलू नका, लावूनही पाहू नका. पेटलेला असताना धक्का बसला तर तापलेली तार ताणून वेडीवाकडी होते. काचही तेव्हाच फुटली असेल तर तारेवर पांढरट-पिवळसर पूड दिसते. थंड तार बहुधा न ताणता मोडते. तज्ज्ञाला यावरून दिवा लागला होता की नाही हे सांगता येतं. एलईडी असेल तर ही खूण मिळत नाही. मग फ्यूज, स्विचची स्थिती आणि वायरिंग जसंच्या तसं राहू द्या.

एका संध्याकाळी त्याच वेळेला होडी उभी करा, मूळ दिवा आणि स्विच तसेच ठेवून पांढऱ्या दिव्याच्या जागी तात्पुरता दुसरा दिवा धरा आणि मागच्या संपूर्ण टप्प्यातून, वेगवेगळ्या कोनांवरून फोटो काढा. फोटो तुमच्या विरोधात गेले तरी ते तुमच्या वकिलाला आधी कळलेले बरे. दिवा बाजूच्या दिव्यांपासून किती उंचीवर आहे आणि छत किती मागे जातं, हेही मोजून लिहून ठेवा.

अपघाताची लेखी खबर पोलिस ठाण्यात आणि होडीची नोंदणी केलेल्या कार्यालयात अजून दिली नसेल तर आजच द्या, पोच घ्या. विमा कंपनीलाही कळवा. उशीर हेच दावा नाकारण्याचं कारण होऊ शकतं. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने १९१७ चा जुना कायदा हटवला आहे. तुमच्या जलमार्गाला त्याखालचे किंवा बंदराचे वेगळे नियम लागू असतील, तर दिव्यांबाबत आधी तेच पाहिले जातील. त्यांची प्रत मिळवा.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. त्यात ‘दिवा दिसत नसेल कदाचित’ असं एकही वाक्य नको आणि दिवा मागून दिसत होता असा खोटा दावाही नको. आरोप नाकारा, लाँचच्या टेहळणीचा आणि वेगाचा मुद्दा मांडा, आणि तिची नोंदणीची कागदपत्रं व तांडेलाचा परवाना मागवा.