शाळेच्या पेपरातला लेख आणि फेडरल जजची खुर्ची

प्रश्न : मी मूळचा कराडचा. गेली १९ वर्षं न्यू जर्सीत आयटीत आहे. मुलगी अकरावीत आहे, सॅटमध्ये (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत) १४८० आहेत, वादविवादात बक्षिसं मिळवते. तिनं फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाची, म्हणजे केंद्राच्या जिल्हा पातळीवरच्या कोर्टाची, जज व्हावं असं आम्ही ठरवलं आहे. तसा एक्सेलमध्ये तक्ताही केला आहे : चांगलं कॉलेज, लॉ स्कूल, क्लार्कशिप (जजच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम), वकिलांची मोठी फर्म आणि चाळिशीच्या आत जज. गेल्या महिन्यात तिनं शाळेच्या पेपरसाठी लेख लिहिला, मुलांच्या बॅगा तपासण्याच्या नियमाविरुद्ध. पुढे सिनेटच्या चौकशीत असलं काही निघू नये म्हणून मी तो मागे घ्यायला लावला. तेव्हापासून ती घरात कामापुरतं बोलते. जज होण्यासाठी कोणती परीक्षा असते? तयारी केव्हापासून करावी?

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मुलीचं म्हणणं कुठे सापडतंय का ते बघत होते. सापडलं नाही. तिचे मार्क आहेत, बक्षिसं आहेत, तिच्या वयाच्या चाळिशीपर्यंतचा हिशेब आहे. 'आम्ही ठरवलं आहे' असं तुम्ही लिहिता, त्या 'आम्ही'त ती धरली आहे का, हे मला कळलं नाही. अख्ख्या पत्रात तिनं आपण होऊन केलेली एकच गोष्ट आहे, तो लेख. आणि नेमका तोच तुम्ही परत घ्यायला लावलात.

परीक्षेचं आधी उरकून टाकते. चार वर्षांचं कॉलेज, बहुतेकांना एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, तीन वर्षांचं लॉ स्कूल, मग राज्याची बार परीक्षा. ही झाली वकील होण्याची वाट, आणि ती तिच्या शाळेतला समुपदेशक माझ्यापेक्षा चांगली सांगेल. फेडरल जजची परीक्षा नसतेच.

तुम्ही आपल्याकडचा नकाशा तिकडे नेला आहे, आणि तुम्हीच काय, कितीतरी पालक नेतात. आपल्याकडे लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची, कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश, अशी पायरी-पायरीनं बढती. (तिथंही २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. कोर्टाचं तोंड न पाहिलेली मुलं थेट न्यायासनावर बसत होती, ती अडचण होतीच.) अमेरिकेत अशी शिडी नाही. फेडरल जजला किमान वय किती, पदवी कोणती, याबद्दल राज्यघटनेत एक अक्षर नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट ते बहुमतानं मंजूर करते, आणि मग ती खुर्ची तहहयात. ९४ डिस्ट्रिक्ट आणि जागा ६७७. जागा रिकामी होते ती कुणी वारलं, निवृत्त झालं, वरच्या कोर्टात गेलं किंवा 'सीनिअर स्टेटस' घेऊन कामाचा भार कमी केला तर. त्यावर त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांची 'ब्लू स्लिप', म्हणजे त्यांची संमती, लागते. डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी ती आली नाही तर नाव समितीतच अडकतं. आपल्या राज्यात जागा, अनुकूल राष्ट्राध्यक्ष आणि राजी सिनेटर, तिन्ही एकाच वेळी जुळायला हवेत. तुमच्या एक्सेलमध्ये याचा रकाना कुठला?

डायान गुजराती यांचं बघा. न्यूयॉर्कमध्ये त्या अनेक वर्षं सरकारी वकील होत्या. २०१६ मध्ये ओबामांनी त्यांचं नाव पाठवलं. ती संसद संपली, नाव बाद झालं. मग ट्रम्प यांनी, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या अध्यक्षांनी, तेच नाव पुन्हा पाठवलं. सिनेटची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२० मध्ये, ९९ विरुद्ध शून्य मतांनी. एकही मत विरोधात नाही, आणि तरी चार वर्षं!

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण ती सगळी खोटी नाही. सिनेटच्या न्यायविषयक समितीची प्रश्नावली तुम्ही पाहिलेली दिसते. छापून आलेलं सगळं लिखाण त्यात मागतात, संपादकांना लिहिलेली पत्रंसुद्धा. २०१८ मध्ये रायन बाउंड्स यांचं नाव (ते अपील कोर्टासाठी होतं) कॉलेजातल्या लेखांमुळे मागे घ्यावं लागलं, हेही खरं. पण त्या लेखांत वांशिक अल्पसंख्याकांसाठीच्या विद्यार्थी चळवळींची टर उडवलेली होती. शिवाय हे लिखाण त्यांनी राज्यातल्या निवड समितीपुढे ठेवलंच नाही, यावर तिथल्या सिनेटरांचा मोठा आक्षेप होता. म्हणजे लपवणं अंगाशी आलं. निओमी राव यांनाही कॉलेजातल्या लेखांवरून सिनेटमध्ये चांगलंच धारेवर धरलं होतं, त्या २०१९ मध्ये जज झाल्या. आणि बॅगा तपासू नका असं सोळाव्या वर्षी लिहिलं म्हणून कुणाची नेमणूक अडेल, ही कल्पना तुमच्या घरातली आहे, सिनेटमधली नाही.

त्याच प्रश्नावलीतली पुढची पानं तुम्ही वाचलीत का? निकालापर्यंत किती खटले चालवले, त्यांतले ज्युरीपुढे किती, हे विचारतात. सर्वांत महत्त्वाचे दहा खटले लिहायचे, आणि प्रत्येकात समोरच्या बाजूचा वकील कोण होता, त्याचा फोन नंबर काय, हेही द्यायचं. तुमच्याबद्दल तुमच्या प्रतिस्पर्ध्याला विचारायचं, ही मला त्या सगळ्या खटाटोपातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. आपल्याकडे लग्न जमवतानाही इतकी हिंमत कुणी करत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये मॅथ्यू पीटरसन हे वॉशिंग्टनच्या डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी सिनेटपुढे बसले होते. निवडणूक आयोगावर जवळजवळ दहा वर्षं काढलेला माणूस, कागदावर सगळं स्वच्छ. सिनेटर केनेडी यांनी विचारलं, कधी ज्युरीपुढे खटला चालवलात? नाही. दिवाणी? नाही. फौजदारी? नाही. पुराव्याच्या नियमांतल्या साध्या संज्ञाही त्यांना धड सांगता येईनात. ती चित्रफीत देशभर फिरली आणि काही दिवसांत त्यांनी माघार घेतली. तुमचा तक्ता पाहताना मला हेच गृहस्थ आठवले.

'मोठी फर्म' या रकान्याबद्दल. अमित मेहता यांचा जन्म गुजरातेतल्या पाटणचा. २०१४ पासून ते वॉशिंग्टनमध्ये डिस्ट्रिक्ट जज आहेत, गूगलच्या मक्तेदारीचा २०२४ चा निकाल त्यांचाच. मोठ्या फर्ममध्येही ते होते, पण मधली काही वर्षं त्यांनी सरकारी बचाव वकील म्हणून, ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू मांडत काढली. तुमच्या मुलीनं उद्या हेच करायचं म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल? मला अंदाज आहे. आणि पैशाचं म्हणाल, तर २०२४ मध्ये डिस्ट्रिक्ट जजचा पगार होता २,४३,३०० डॉलर. न्यूयॉर्कच्या बड्या फर्म तेव्हा नुकत्याच लॉ स्कूलमधून आलेल्या पोराला २,२५,००० देत होत्या.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्हाला कदाचित हसू येईल. १९८० मध्ये तुमच्याच राज्यात, पिस्कॅटवेच्या हायस्कूलमध्ये, चौदा वर्षांच्या एका मुलीची पर्स उपमुख्याध्यापकांनी उघडून तपासली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८५ मध्ये निकाल लागला : विद्यार्थ्यांनाही घटनेचं संरक्षण आहे, मात्र झडती घ्यायला शाळेला पोलिसांइतका भक्कम आधार लागत नाही, वाजवी संशय पुरतो. अमेरिकेतल्या शाळांमध्ये बॅगेचा वाद निघाला की अजून याच निकालापाशी येऊन थांबावं लागतं. म्हणजे तुमच्या लेकीनं कुणी न सांगता जो विषय उचलला, तो लॉ स्कूलमध्ये शिकवतात. आणि तुम्ही तो उचलून बाजूला ठेवलात, का, तर ती जज व्हावी म्हणून.

तेव्हा तयारी केव्हापासून, याचं उत्तर मी देणार नाही. तिला जज व्हायचं आहे का, वकील तरी व्हायचं आहे का, हे मला माहीत नाही, आणि पत्रावरून वाटतं की तुम्हालाही नाही. तो तक्ता बंद करा. तिच्याकडे लेख वाचायला मागा. 'माझं चुकलं' एवढं आधी म्हणा, त्याला पुढे 'पण' जोडू नका. वाचून झाल्यावर पटलं नाही तर भांडा की! वादविवादात बक्षिसं मिळवणारी मुलगी आहे, तुम्हाला पुरून उरेल. पिस्कॅटवेचा खटला तिच्या लेखात आला आहे का, तेही विचारा. नसेल तर तो भाग घालायचा का, लेख पुन्हा पेपरकडे द्यायचा का, हे तिचं तिला ठरवू द्या.

आणि तिला मला काही विचारायचं असेल तर तिनं स्वतः लिहावं. मराठीत लिहिता येत नसेल तर इंग्रजीतही चालेल. फक्त पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.