आईचा राग येतो, मॅडम

पितृपंधरवडा जवळ आला की माझ्याकडे हमखास एक प्रश्न येतो. खुर्चीत बसल्याबसल्या कोणी विचारत नाही. पाणी पिऊन, इकडचं तिकडचं बोलून झालं की मग हळूच: "सगळे आईचं नाव काढतात, डोळे पुसतात. मला मात्र तिचा रागच येतो. माझंच काही बिघडलंय का?" कुणाची आई मुख्याध्यापिका असते, कुणाची सरपंच, कुणाची उद्योजक. आई जितकी मोठी, तितका आवाज बारीक. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली सतरा वर्षं हे ऐकतेय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मंजिरीच्या निमित्ताने. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मंजिरी ४१ वर्षांची, पुण्यात बँकेत अधिकारी. आईचं वर्षश्राद्ध दीड महिन्यावर आलेलं. भावाने त्या निमित्ताने स्मरणिका काढायचं ठरवलं होतं. तेवीस जणांचे लेख आले होते, मुलीचाच राहिला होता.

आईचं कर्तृत्व खरंच मोठं. नवऱ्याची गिरणीतली नोकरी गेली तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरात भडंग करायला घेतलं. दोन घमेली चिरमुरे, शेंगदाणे, ठेचलेला लसूण, तिखट. पुढे पत्र्याची शेड, चौदा बायका कामाला, माल मिरज-इस्लामपूरपासून पुण्यापर्यंत. २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर. गावभागातलं त्यांचं गोदाम बुडालं. चिखल उपसून महिन्याभरात बाईंनी कढई पुन्हा चढवली. तेवीसच्या तेवीस लेखांत हा प्रसंग होता, आणि 'माउली' हा शब्दही.

"आणि तुमच्या लेखात काय असेल?" मी विचारलं.

"माझ्या शाळेत ती एकदाही आली नाही, हे. पण असं लिहितात का कुणी?"

पहिल्या भेटीत मी चुकले. आईच्या पाच चांगल्या आठवणी लिहून आणा म्हटलं. आठ दिवसांनी कोरा कागद आला. साहजिकच होतं. स्मरणिकावाले जे मागत होते तेच मीही मागितलं होतं.

त्यात ती मोबाइलवर आलेलं 'दुःखाचे पाच टप्पे' वाचून आली होती आणि आपण दुसऱ्या टप्प्यावर, रागावर, अडकलोय अशी तिची खात्री झाली होती. हे पाच टप्पे फार लोकांना छळतात. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी ते १९६९ साली मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी कोणत्या क्रमाने रडावं याचं ते वेळापत्रक नव्हे. दुःख एसटीसारखं थांबे घेत जात नाही. सकाळी हसू येतं, दुपारी बाजारात लसणाची जुडी दिसली की पाय थबकतात.

मी स्वतः विनिकॉटच्या बाजूची, हे लपवत नाही. लंडनमधला हा बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक म्हणायचा की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. ती हळूहळू, मुलाला झेपेल इतपत कमी पडते, आणि त्यातूनच मूल जग ओळखायला शिकतं. आपल्याकडे आई गेली की तेराव्यापर्यंत तिची देवी होते. देवीवर रागावता येत नाही, आणि जिच्यावर रागावता येत नाही तिची नीट आठवणही काढता येत नाही. 'गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये' ही रीत चारचौघांसाठी ठीक आहे. माझ्या खोलीत ती चालत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा मी सांगितलं, तक्रारीच आणा. पुरावे असतील तर तेही.

मंजिरीने खरंच पुरावा आणला. आईची मालाची वही. लाल कापडी पुठ्ठा, पानांच्या कडांना तेलाचे डाग, अजूनही वास येणारी. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "हा बघा माझ्या गॅदरिंगचा दिवस. आठवीत होते, नाटकात मुख्य काम होतं. आणि हे काय लिहिलंय? 'इस्लामपूर, १५ किलो, स्वतः पोचवले.'"

मी वही बघितली. अक्षर ठसठशीत, पंधराच्या आकड्याखाली दोन रेघा. मग सहज वाटावा असा एक प्रश्न विचारला. तो आतून आला की अनुभवातून, सांगता येणार नाही, पण या कामात मी जे थोडंफार शिकले ते अशा प्रश्नांतच आहे.

"तुम्ही बोलावलं होतं त्यांना?"

ती बोलेना. बाहेर कुणी गाडीला किक मारत होतं, सुरू होईना. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. नव्या समुपदेशकांना मी हेच सांगते, अशा वेळी रुमालसुद्धा पुढे करू नका.

"नाही," ती म्हणाली. "मीच येऊ नको म्हटलं होतं. तिच्या हाताला सारखा लसणाचा वास यायचा. मुली हसायच्या. त्याच वर्षी मी केस कापून घेतले. वेणी घालायला ती लागायची ना."

मग ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा.

इथे बरेच जण घाई करतात: म्हणजे चूक मुलीची, आई निर्दोष, विषय संपला. तसं नाही. गॅदरिंग सोडून शाळेचे इतर दिवस होतेच की, आणि त्या इतर दिवसांतही आई कढईपाशीच होती. मी तिला एवढंच म्हटलं, "तुमची तक्रारही खरी आणि लाजही खरी. दोन्ही एकाच कागदावर मावतात." मनात राग धरून बसलेल्या माणसाला मी खोदून विचारते ते यासाठीच. पुष्कळदा रागाच्या बुडाशी आपणच बोललेलं एखादं वाक्य असतं, जे परत घ्यायला आता समोर कुणी नसतं.

तुमच्याही घरात असं असेल तर नातेवाइकांना आई कशी होती ते विचारू नका, तेच ते ऐकायला मिळेल. तिच्या हाताखाली काम केलेल्यांना विचारा. ती चिडली की काय करायची, पैसे कुठे लपवायची, कशाला घाबरायची. आणि झोप, जेवण महिनोन् महिने उडालं असेल किंवा जगूच नये असं वाटत असेल तर लेखबिख बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मंजिरीने लेख लिहिला. लसूण, केस, इस्लामपूर, सगळं घालून. भावाला तो आवडला नाही, तरी छापला. वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगत उठल्यावर शेडमधल्या सर्वात जुन्या मावशींनी तिला मोरीपाशी गाठलं. त्यांना वाचता येत नाही, नातीने वाचून दाखवला होता.

"त्या सालापासनं काकूंनी हितं लिंबाच्या फोडी ठिवायला लावल्या बघ," मावशी म्हणाल्या. "घरी जाताना आमच्या मागं लागायच्या. चोळून धुवा गं, पोरींच्या केसातनं हात फिरवायचा असतोय."