स्टार वॉर्सच्या नव्या मालिका आणि फॅन्सचा राग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): ताई, मी आणि माझा चुलतभाऊ दोघंही लहानपणापासून स्टार वॉर्सवाले. 'द ॲकोलाइट' आली तेव्हा मला आवडली, तो म्हणाला सगळ्याची वाट लावली, आणि बंद झाल्यावर तर पार्टी द्यायला निघाला होता. मला वाटतं की फॅन्सनीच ती मालिका मारली, तो म्हणतो मालिकाच वाईट होती. खरं काय?

उत्तर: फॅन्सनी मारली असं मला नाही वाटत. पण काही फॅन्स जे वागले ते मला अजिबात पटलेलं नाही, आणि या दोन गोष्टींची तुम्ही दोघं भांडताना गल्लत करताय.

आधी बंद का पडली ते बघू. ४ जून २०२४ ला पहिले दोन एपिसोड आले, जुलैच्या मध्याला आठवा एपिसोड येऊन सीझन संपला आणि ऑगस्टमध्ये बातमी आली की दुसरा सीझन नाही. पुढे स्टार वॉर्सची मालकी असलेल्या डिस्नेचे एक बडे अधिकारी ॲलन बर्गमन यांनी मुलाखतीत कारण सांगितलं, ते सरळ होतं, मालिकेवर जेवढा खर्च झाला त्या मानाने बघणारे कमी पडले. म्हणजे हिशोब जुळला नाही. आता लोकांनी ती का बघितली नाही हा पुढचा प्रश्न, आणि तिथे तुझ्या भावाचं काही म्हणणं बरोबर आहे. एका रात्री नेमकं काय घडलं हे रहस्य, ते तिसऱ्या एपिसोडमध्ये एकदा दाखवलं आणि सातव्यात परत तीच रात्र दुसऱ्या बाजूने, मधल्या काळात कथा जागच्या जागी फिरत राहते. दर आठवड्याला वाट बघून अर्ध्या पाऊण तासाचा एपिसोड बघणाऱ्याला त्यात हाताला फार काही लागत नाही, आणि ही तक्रार मालिका नीट बघितलेल्या माणसांची आहे म्हणून मी ती मानते.

पण जी माणसं बघायच्या आधीच ठरवून आली होती त्यांचं काय? मालिकेला एक स्टार द्यायची लाट आली तेव्हा 'ॲकोलाइट्स' नावाच्या २००८ च्या एका हॉरर सिनेमालाही लोकांनी धडाधड एक स्टार दिले, ज्याचा स्टार वॉर्सशी काडीचा संबंध नाही! नावात एक अक्षर जास्त आहे एवढंही ज्यांनी वाचलं नाही त्यांनी आठ एपिसोड बघून मत बनवलं होतं असं मला कोणी पटवू शकणार नाही. अशा रेटिंगमुळे सगळ्यात जास्त नुकसान खऱ्या टीकेचंच होतं, कारण मग बनवणारे सगळीच नाराजी द्वेष म्हणून बाजूला टाकतात आणि तुझ्या भावासारख्याचं योग्य म्हणणंही त्यात वाहून जातं.

आणि भावाला पाचवा एपिसोड परत बघायला सांग. (ज्यांनी बघितली नाही त्यांनी हा पॅरा सोडा.) जंगलातली ती रात्रीची फाइट, एकामागून एक जेडाय (स्टार वॉर्समधले योद्धे, प्रकाशाची तलवार म्हणजे लाइटसेबर वापरणारे) पडतात, ज्यांच्यावर आपला जीव जडलाय तेही, आणि खलनायक क्विमीरच्या शिरस्त्राणावर लाइटसेबर आपटला की तो विझतोच, कारण ते कॉर्टोसिस धातूचं आहे. हा धातू जुन्या कादंबऱ्यांमधून आलाय, ज्यांनी त्या वाचल्यात ते लोक त्या क्षणी सोफ्यावरून उठले असणार. स्टार वॉर्समध्ये इतकी चांगली तलवारबाजी खूप वर्षांत झाली नव्हती असं माझं ठाम मत आहे. शेवटच्या एपिसोडमध्ये जेडायचा जुना गुरू योडा याची पाठ आणि गुहेत लपलेला खलनायक डार्थ प्लेगस दाखवून मालिका थांबली ती थांबलीच, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न (नागपूर): की-आडी-मुंडीच्या वयावरून एवढा गोंधळ का झाला? एका सीनपुरताच तर होता तो.

उत्तर: हो, चौथ्या एपिसोडमध्ये थोडाच वेळ दिसतो. 'फँटम मेनिस'मधल्या जेडाय परिषदेत बसलेला तो उंच डोक्याचा म्हातारा. मालिका त्या सिनेमाच्या साधारण १०० वर्षं आधी घडते आणि फॅन्सचं म्हणणं की तेव्हा तर त्याचा जन्मही झाला नव्हता. पण त्याचं जन्मवर्ष कुठल्याच सिनेमात सांगितलेलं नाही, ते जुन्या बाहेरच्या साहित्यातून आलं होतं, आणि एप्रिल २०१४ मध्ये स्टार वॉर्स बनवणाऱ्या लुकासफिल्मने तोपर्यंतच्या कादंबऱ्या, कॉमिक्स वगैरे सगळं 'लेजंड्स' म्हणून, म्हणजे अधिकृत कथेत न मोजता, वेगळं काढलं. म्हणजे नियम मोडलेला नाही. तरी ज्याने वर्षानुवर्षं हे तपशील पाठ केलेत त्याला टोचणार, ते मी समजू शकते, उलट अशा बारकाव्यांवर जीव टाकणारी माणसं आहेत म्हणूनच हे विश्व इतकी वर्षं टिकलंय. पण फॅन विकीवर तारीख बदलली म्हणून ते पान फुकटात सांभाळणाऱ्यांना जिवे मारायच्या धमक्या गेल्या. त्याला माझ्याकडे काहीही माफी नाही.

प्रश्न (ठाणे): माझी मुलगी १५ वर्षांची आहे, तिची सगळ्यात लाडकी अहसोका. मला आठवतंय की ती पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही मित्र तिच्या नावाने बोटं मोडायचो. फॅन्स खरंच बदलतात का?

उत्तर: बदलतात, आणि अहसोका हे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे. ऑगस्ट २००८ मध्ये 'क्लोन वॉर्स'चा ॲनिमेशन सिनेमा थेटरात आला, खरं तर मालिकेचे सुरुवातीचे एपिसोड जोडून तो बनवला होता आणि ते जोडकाम जाणवत होतं. त्यात अनाकिन या जेडायला अचानक एक शिष्या दिली, ती अहसोका, चुणचुणीत, उलट बोलणारी, गुरूला 'स्कायगाय' म्हणणारी. जुने फॅन्स भडकले, आणि त्यांचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता, नंतरच्या काळातल्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ' सिनेमात जिचं नावही निघत नाही अशी शिष्या मधेच आली कुठून आणि मग गेली कुठे?

मालिका लिहिणाऱ्यांनी हाच प्रश्न धरून ठेवला आणि पाच सीझन तिला मोठं केलं. २०१३ मध्ये पाचव्या सीझनच्या शेवटी तिच्यावर खोटा आळ येतो, जेडाय लोक तिला वाऱ्यावर सोडतात, मग निर्दोष ठरल्यावर परत बोलावतात आणि ती नाही म्हणते. पायऱ्या उतरून निघून जाते. अनाकिन मागे उभा. आता तो पुढे खलनायक डार्थ व्हेडर का होतो यातला एक मोठा तुकडा तिथे बसतो, जो तीन सिनेमांना बसवता आला नव्हता. म्हणजे ज्या गोष्टीवर फॅन्स चिडले होते तीच मालिकेची सगळ्यात मोठी ताकद झाली. मग मालिका बंद झाली तेव्हा ती वाचवा म्हणून फॅन्सनीच मोहीम चालवली, २०२० ला शेवटचा सीझन आला, आणि २०२३ मध्ये तिच्या नावाची स्वतंत्र मालिका आली, रोझारियो डॉसनची.

एक मात्र मुलीला नक्की सांगा, सगळेच इतक्या सहज सावरत नाहीत. १९९९ ला 'फँटम मेनिस'मध्ये जार जार बिंक्स हे विनोदी पात्र साकारणाऱ्या अहमद बेस्टवर लोक इतके तुटून पडले की जीव द्यायचा विचार मनात आला होता हे त्यांनी २०१८ मध्ये सांगितलं. जवळपास वीस वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं. २०२३ मध्ये 'मँडलोरियन'च्या तिसऱ्या सीझनमध्ये ते जेडाय म्हणून आले, दोन लाइटसेबर घेऊन छोट्या ग्रोगूला वाचवतात, आणि लोकांनी अक्षरशः जल्लोष केला. मला तो सीन बघताना रडू आलं. 'द लास्ट जेडाय'मध्ये काम केलेल्या केली मरी ट्रॅनवरही लोक असेच तुटून पडले, तिने २०१८ मध्ये इन्स्टाग्राम रिकामं केलं, २०२२ मध्ये 'ओबी-वान केनोबी' मालिकेतल्या मोझेस इंग्रमला वर्णावरून घाणेरडे मेसेज आले तेव्हा त्याच मालिकेचा नायक इवन मॅकग्रेगर व्हिडिओ करून तिच्या बाजूने उभा राहिला. पात्र आवडलं नाही तर खुशाल सांगावं, मोठ्याने सांगावं, पण ते पात्र साकारणाऱ्या माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन नाही.

प्रश्न (कोल्हापूर): आईने स्टार वॉर्स कधीच बघितलेलं नाही, तिला राजकारण आणि इतिहासावरच्या मालिका आवडतात. सगळे म्हणतात 'अँडॉर' दाखव. आधीचे सिनेमे न बघता समजेल का? सुरुवात स्लो आहे असंही ऐकलंय.

उत्तर: समजेल, बिनधास्त लावा. यात लाइटसेबर घेऊन कोणी येत नाही, जेडायचं काही माहीत असायची गरजच पडत नाही. साम्राज्याखाली भरडलेली साधी माणसं आहेत, भंगारातून पार्ट काढणारी, कारकुनी करणारी, सभागृहात भाषणं देणारी, आणि त्यातून बंड कसं उभं राहतं त्याची ही गोष्ट आहे. इतिहास आवडणाऱ्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

स्लो म्हणणारे खोटं बोलत नाहीत. सप्टेंबर २०२२ ला आली तेव्हा बऱ्याच फॅन्सना कॅसियन अँडॉरची मालिका हवी कशाला हेच कळत नव्हतं, तो तर आधीच आलेल्या 'रोग वन' सिनेमात मरतो. नंतर एकाने दुसऱ्याला सांगत सांगत ती पसरली, विशेषतः तुरुंगाचे एपिसोड आल्यावर, अँडी सर्किसने त्यात जे काम केलंय ते चुकवू नका. मालिकेचा कर्ता टोनी गिलरॉयने कथा साधारण तीन तीन एपिसोडच्या तुकड्यात रचलीये, त्यामुळे पहिला एकटा बघितला तर अर्धवट वाटतो. शनिवारी जेवण उरकून पहिले तीन सलग लावा. आठ ते दहा हा तुरुंगाचा भाग, तोही सलग. आणि बाराव्या एपिसोडमधली अंत्ययात्रा, बँड वाजतोय आणि मेलेल्या बाईचं रेकॉर्ड केलेलं भाषण अख्खी गल्ली ऐकतेय, तेव्हा आईच्या हातात मोबाइल नसेल एवढं बघा.

दुसरा सीझन एप्रिल आणि मे २०२५ मध्ये आला, त्यात तीन एपिसोड म्हणजे एक वर्ष, मग कथा थेट पुढच्या वर्षात उडी मारते, हे आईला आधी सांगून ठेवा नाहीतर मधेच काही राहिलं की काय असं वाटतं. त्यातल्या सिनेटर मॉन मॉथमाच्या सभागृहातल्या भाषणाच्या एपिसोडला लेखनाचं एमी मिळालंय. 'रोग वन' मात्र अजिबात आधी दाखवू नका, दुसरा सीझन संपला की लगेच लावा, जमलं तर त्याच रात्री, कारण मालिका सोडते तिथूनच सिनेमा कॅसियनला उचलतो.