तळ गाठण्याच्या नादात

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बायोकेमिस्ट्री सोडून पार्टिकल फिजिक्सकडे वळायचं तुझ्या मनात आहे, त्याला माझी ना नाही. त्यामागचं कारण मात्र पटलं नाही. तू लिहितेस, जीवशास्त्र म्हणजे शेवटी रसायनशास्त्र आणि रसायनशास्त्र म्हणजे शेवटी भौतिकशास्त्र, मग मधल्या मजल्यांवर रेंगाळायचं कशाला, थेट पायाच का बघू नये? ओढ असेल तर खुशाल जा. पण पाया कळला की वरचं सगळं आपोआप उलगडतं, असं धरून जाऊ नकोस.

मुळात तो पाया तरी कसा आहे बघ. 1897 मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, 1911 मध्ये रदरफर्डने अणूच्या पोटातलं केंद्रक दाखवलं, 1932 मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधला आणि 1964 मध्ये गेल-मान व झ्वाइग यांनी प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कची कल्पना मांडली. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन क्वार्क. या तिघांचं स्वतःचं वस्तुमान जोडलं, तर ते प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या शेकडा एकाच्या आसपास भरतं. बाकीचं येतं त्यांच्या धावपळीतून आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून. म्हणजे विटा मोजायला गेलो आणि वजन निघालं ते बांधणीचं.

आता सजीवांकडे येऊ. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउन हा वनस्पतिशास्त्रज्ञ परागकणांच्या आतले बारीक कण पाण्यात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. ते सारखे थरथरत होते. परागातले कण, म्हणजे जिवंतपणामुळे हलत असणार, असा तर्क कुणीही केला असता. ब्राउन तिथे थांबला नाही. त्याने दगडाची पूड पाण्यात टाकली, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडासुद्धा कुटून पाहिला. तीही तशीच थरथरली! जीव आणि दगड यांत त्या पातळीवर फरकच दिसेना. (पेशीतल्या केंद्रकाला 1831 मध्ये नाव देणारा ब्राउन तो हाच.)

ही थरथर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे होते, हे आइनस्टाइनने 1905 मध्ये गणिताने दाखवलं. 1908 पासून पॅरिसमध्ये जाँ पेरँने ते मोजून दाखवलं. त्यासाठी त्याने वापरला गॅम्बोज, म्हणजे चित्रकारांच्या पेटीतला पिवळा रंग. तो गार्सिनिया वंशातल्या झाडांच्या चिकापासून होतो. आपलं कोकमही त्याच वंशातलं. पेरँने त्या चिकाचे एकसारखे गोल कण वेगळे केले, पाण्यात सोडले आणि खालून वर ते किती विरळ होत जातात हे थराथराने मोजलं. उंचावर हवा विरळ होते, तोच हिशोब इथे मिलिमीटरच्याही छोट्या अंशात लागू पडला. त्यावरून ॲव्होगाड्रो संख्या, म्हणजे ठरावीक वजनाच्या पदार्थात किती रेणू असतात तो आकडा, निघाली आणि अणू ही नुसती सोयीची कल्पना आहे म्हणून अडून बसलेल्या ओस्टवाल्डसारख्या रसायनशास्त्रज्ञानेही अणू खरे असल्याचं मान्य केलं. मला पेरँचं हे काम क्वार्कच्या शोधाहून मोठं वाटतं. वाद घालशील, घाल.

सांगायचं ते हे की अणूच्या पातळीवर जिवंत आणि निर्जीव असा भेद नाही. 1828 मध्ये व्होलरने प्रयोगशाळेत युरिया, म्हणजे सजीवांच्या मूत्रात सापडणारा पदार्थ, बनवला, तेव्हाच हे दिसायला लागलं होतं. तुझ्या शरीरातला कार्बन आणि पेन्सिलीतला कार्बन एकच. मग जिवंतपणाचा सर्वांत लहान तुकडा कुठला? पेशी. तिच्याहून लहान काहीही सुटं काढलं, की ते फक्त रसायन उरतं. ही व्याख्याही जरा गळकीच आहे म्हणा. आपल्या अंगातल्या बहुसंख्य पेशी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी, आणि त्यांना केंद्रकच नसतं. त्या विभागत नाहीत, साधारण 120 दिवस ऑक्सिजन वाहतात आणि संपतात.

याच तांबड्या पेशीपाशी थोडं थांब, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भाला सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, ठाऊक आहे. शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट करतात ती तू लांबून पाहिली असशील. आता जवळून बघ. छोट्या नळीत द्रावण असतं. त्यात बोटातलं थोडंसं रक्त टाकतात. द्रावणातलं एक रसायन पेशी फोडतं, दुसरं हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतं. काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर टेस्ट निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) की पीडित (दोघांकडून आलेला), हे मग इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून, ठरतं. रेणूतला एवढासा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसावा, असं फार कमी ठिकाणी घडतं.

फरक तरी केवढा? हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका रेणूत 574 अमिनो आम्लं, म्हणजे त्याच्या साखळ्यांचे दुवे, असतात. त्यातली फक्त दोन बदललेली, दोन्ही बीटा साखळ्यांवर सहाव्या जागी एकेक. ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. व्हर्नन इन्ग्रमने 1956-57 मध्ये हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते कागदावर पसरवले, आणि नेहमीच्या हिमोग्लोबिनशी ताडून पाहिलं तर एकच ठिपका जागा सोडून बसलेला. तो त्याने पकडला. हे काम झालं केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, जिथे थॉमसनला इलेक्ट्रॉन आणि चॅडविकला न्यूट्रॉन मिळाला होता. तुझे मजले तिथे एकाच छताखाली नांदत होते.

ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिनला प्रभार नाही, ते पाणी टाळतं. ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खोबणीत जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटत लांबलचक तंतू होतात, पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि पोर सांधे धरून रडायला लागतं. हे सगळं डीएनएच्या एका अक्षरामुळे, ए च्या जागी टी. इथपर्यंत तुझं बरोबर, खाली उतरावं लागलं.

पण हे अक्षर नेमकं याच भागांत इतकं का आढळतं, हे विचार. त्याचं उत्तर खाली नाही, वर आहे. या अक्षराची एकच प्रत असलेला वाहक सहसा धडधाकट असतो आणि फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाचा गंभीर तडाखा त्याला कमी बसतो. आफ्रिकेत ॲलिसन या संशोधकाने हे 1954 मध्ये दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हे अक्षर टिकलं. क्वार्कपर्यंत उतरलीस तरी तिथे तुला डास भेटणार नाही. तो जंगलात आहे, साचलेल्या पाण्यावर आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हा हिशोब घराघरात समजावून सांगणं हेही विज्ञानच, आणि ते अवघड आहे.

उपचाराचंही तसंच. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल अनेक रुग्णांना रोज घ्यावी लागते. व्होलरच्या युरियात ऑक्सिजनचा एक अणू जास्त घातला की जो रेणू होतो, तो हा. नऊ अणूंचा जीव! तो व्हॅलिनला हातही लावत नाही. जन्मानंतर बंद पडत गेलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन तो पुन्हा वाढवतो. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धतीसुद्धा बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाही, तीही हीच जुनी वाट उघडते. दोष एका मजल्यावर, इलाज दुसऱ्याच.

तेव्हा विषयाची उतरंड डोक्यातून काढ. न्यूट्रिनो या जवळपास कशालाही न अडखळणाऱ्या मूलकणाला वस्तुमान का आहे, याने झोप उडत असेल तर फिजिक्सच घे. आपल्या टीआयएफआरच्या (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) लोकांनी 1965 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणं लावून वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले होते, ते काम वाच. पण व्हॅलिन पाण्यापासून का पळतं, याने झोप उडत असेल तर तुला थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र, पक्कं लागेल, आणि ते आपल्याकडे बायोकेमिस्ट्रीच्या मुलांना उरकल्यासारखं शिकवतात. ते फिजिकल केमिस्ट्रीच्या वर्गात बसून पुन्हा कर. हजेरी लागो न लागो. सांख्यिकीही टाळू नकोस. पेरँने शेवटी कणच मोजले होते.

फॉर्म भरायला अजून वेळ आहे. पुढच्या पत्रात विषयाचं नाव नको, दोन-तीन प्रश्न लिहून पाठव, ज्यांच्यामागे पाच वर्षं घालवायला तू कंटाळणार नाहीस. ते बघून कुठल्या विभागात कुणाला भेटायचं ते सांगतो. आईबाबांना नमस्कार.

तुझे,
सर