कासव नेता येणार नाही, बाकीचं सांगते

तुझा निरोप इथे केळशीत, पडवीत बसून वाचला. शिमग्यासाठी पंधरा दिवस आलेय. इंग्लंडला जायचं जवळजवळ ठरलंय, व्हिसाचं कसं, आठ वर्षांची लेक तिथे रमेल का, आणि ती विहिरीतलं कासव बरोबर नेऊया म्हणतेय, हे तुझे प्रश्न.

व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे. फक्त लेकीचा जन्मदाखला आजच काढून बघ. आमच्याकडे बापाच्या नावात एक काना जास्त पडला होता, त्यापायी एसटीने दापोलीच्या सात फेऱ्या झाल्या. साहेब दर खेपेला जेवायला गेलेले. सकाळी अकरालाही!

कासवाचं विसर. आपली देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, पाळणंच गुन्हा. विहिरीत आहे तिथे सुखाने राहू दे. पण तिने नेमकं कासवच काढलं, म्हणून एवढं लिहायला बसले.

आम्ही गेलो जानेवारीत. मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दाखवते, असं लेकाला कबूल केलं होतं, ते राहिलंच. इथे तो तिसरीत होता. तिथे वर्ग वयावरून ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. हा ऑगस्टअखेरचा, म्हणून मधूनच उचलून थेट चौथीत, वर्गात सगळ्यांत धाकटा. दोन महिने त्याने शाळेत तोंड उघडलं नाही. मग बाईंनी मला बोलावून सांगितलं, घरीही इंग्रजीच बोला. मी ऐकलं. जेवताना भात कालवून देतानासुद्धा माझं मोडकंतोडकं इंग्रजी चालू. त्या बाईंवर अजून राग आहे, पण त्या काही आमच्या स्वयंपाकघरात उभ्या नव्हत्या.

तुला जमलं तर सप्टेंबर धरून जा. आणि घरी मराठीच बोला, कुणी काहीही सांगो.

एकटं वाटतं का, असं तुझ्या बायकोने विचारलंय. वाटतं. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, तेव्हा कुकर लावायचा. असो.

पुढच्याच वर्षी शेजारच्या आजींनी त्यांचं कासव लेकाला दिलं. हर्मन जातीचं, भूमध्य सागराकडचं. तिकडे ते विकायला प्रमाणपत्र लागतं, असंच द्यायला नाही. आमच्या घरात कागदांशिवाय आलेला तो एकटाच. हिवाळ्यात तो गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये झोपतो. हसू नकोस, पाच अंशांच्या आसपास ठेवायचं तर तेच सोयीचं. रोज दार उघडून हवा द्यायची, अधूनमधून वजन करायचं. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर काळजी. मार्चमध्ये बाहेर काढतात. आधी एक पाय हलतो, मग मान, डोळे बराच वेळ चिकटल्यासारखे. पसरट टबात हनुवटीपर्यंत कोमट पाणी घालून त्यात ठेवायचं. मान खाली घालून तो पितो, इतका वेळ की घसा हलताना दिसतो. खाणं त्यानंतर, कधी दोन दिवसांनी. तिथलं ऊन नावालाच, म्हणून वर दिवा लावावा लागतो. आणि एकदा जागा झाला की थंडी परतली तरी पुन्हा झोपवायचा नाही.

लेक आता सतरा वर्षांचा आहे. माझ्याशी इंग्रजीतच बोलतो. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. यंदा मी इथे, म्हणून कासव उठवायचं काम एकट्या त्याच्याकडे. काल त्याने व्हिडिओ पाठवला. टबात कासव, कडेला त्याचा हात, आणि मागून आवाज: ‘ऊठ रे मेल्या, किती झोपशील, पाणी निवलं बघ.’ हे ‘पाणी निवलं’ माझ्या आईचं. आंघोळीला ओरडायची तेव्हाचं. त्याला शेवटचं कधी ऐकू आलं असेल, आठवत नाही.

चार वेळा बघितला. त्याला त्यातलं काही लिहिलं नाही. वजन किती भरलं, एवढंच विचारलं.