वाचकांचे प्रश्न : जहाजावरचा कॅसिनो

क्रूझचं बुकिंग, केबिनची निवड, समुद्र लागणं या नेहमीच्या प्रश्नांत या वेळी कॅसिनोबद्दलची पत्रं बरीच होती. म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे.

मुंबई–गोवा क्रूझवर पहिल्या संध्याकाळी कॅसिनो बंद होता, रात्री उघडला. गोव्यात जहाज दिवसभर धक्क्याला होतं तेव्हा पुन्हा बंद. तिकडे मांडवीत मात्र कॅसिनो राजरोस चालू! हा काय प्रकार? — ठाणे

जुगार हा आपल्याकडे राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा चालतो. १९७६ मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदाही झाला होता, पण तो कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे जहाज भारताच्या सागरी हद्दीबाहेर गेल्याशिवाय कॅसिनोचं दार उघडत नाही. ही हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सव्वाबावीस किलोमीटरची. ती भरतीच्या पाण्यापासून नव्हे, सरकारने ठरवलेल्या आधाररेषेपासून मोजतात. मुंबई बंदरातून जहाज पायलटच्या देखरेखीखाली हळू निघतं. पुढे दक्षिणेकडे वळलं की त्याची वाट किनाऱ्याला जवळजवळ समांतर असते. म्हणून ताशी १८ सागरी मैलांचा वेग असूनही ‘पाऊण तासात बाहेर’ हे गणित खरं ठरत नाही. दोन-तीन तास धरा.

गोव्यात क्रूझचं जहाज मुरगाव बंदरात लागतं. मांडवीतल्या जहाजांना गोवा सरकारचा स्वतंत्र परवाना आहे. गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना वाट करून दिली गेली. कायद्याच्या भाषेत ती ‘ऑफशोअर’, प्रत्यक्षात पणजीच्या रस्त्यावरून दिव्यांच्या माळा मोजता येतील इतकी जवळ. तुमच्या क्रूझकडे तो परवाना नाही, इतकाच फरक. (गोव्याच्या रहिवाशांना मात्र २०२० पासून त्या कॅसिनोंत खेळायला मनाई आहे. नदी त्यांची, डाव पाहुण्यांचा.)

बाहेरच्या देशांतही नियम साधारण असाच आहे. बर्म्युडाने २०१३ मध्ये अपवाद केला : रात्री मुक्कामाला राहणाऱ्या जहाजांना बंदरातही रात्री ९ ते पहाटे ५ कॅसिनो उघडता येतो. उलट टोक हवाईचं. तिथल्या बेटांमध्ये फिरणाऱ्या ‘प्राइड ऑफ अमेरिका’वर कॅसिनोच नाही, कारण हवाईत जुगाराला पूर्ण बंदी आहे. सहलीचं वेळापत्रक पाहताना ‘सी डे’, म्हणजे दिवसभर समुद्रातच असण्याचे दिवस, किती आहेत ते मोजा. कॅसिनोचा खरा धंदा त्या दिवसांत होतो, आणि टेबलावरची किमान बोलीही त्याच दिवशी वर जाते.

मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना क्रूझ केली. यजमान रोज स्लॉट मशीनवर बसत. शेवटच्या रात्री केबिनच्या दारात पत्र : पुढची क्रूझ फुकट! घ्यावी का? — पुणे

फुकट म्हणजे केबिनचं भाडं माफ, तेही बहुतेक वेळा खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचं. बंदर शुल्क, कर आणि दरडोई दररोज साधारण १६ ते २० डॉलर टिप तुम्हालाच भरायची असते. शिवाय विमानाचं तिकीट. अशा ऑफर अनेकदा अमेरिकेतल्या रहिवाशांपुरत्या असतात, तेव्हा पत्रातलं बारीक अक्षर आधी वाचा.

पण मुद्दा वेगळा आहे. ते पत्र कशावर बेतलेलं असतं? यजमान जिंकले की हरले यावर नव्हे, तर त्यांनी यंत्रात एकूण किती पैसा ‘फिरवला’ यावर. त्याला ‘कॉइन-इन’ म्हणतात. खिशातून १०० डॉलर काढले, त्यातून जिंकलेले पुन्हा लावले, असं करत ९०० डॉलरचे फेरे झाले, तर कॉइन-इन ९००. यंत्राचा हिस्सा या ९०० वर कापला जातो, १०० वर नाही. ‘शंभरच घेऊन गेलो होतो, एवढ्यात कसे संपले?’ याचं उत्तर हेच.

आकडे मांडू. एका फेऱ्याला अर्धा डॉलर, तासाला ६०० फेरे. बटण दाबत राहिलं तर हा वेग सहज गाठला जातो. म्हणजे तासाला ३०० डॉलर फिरतात. यंत्राचा हिस्सा ८ टक्के धरला, तर तासाला २४ डॉलर गेले. चार रात्री तीन-तीन तास बसलं तर ३,६०० डॉलर फिरले आणि सरासरीने २८८ गेले. ८ टक्के हा आमचा अंदाज आहे. जहाजावरच्या यंत्रांचं प्रमाण कंपन्या जाहीर करत नाहीत.

आता गुण पाहा. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या ‘क्लब रॉयल’ या खेळाडूंसाठीच्या गुण-योजनेत स्लॉटवर ५ डॉलर फिरवले की १ गुण मिळतो. व्हिडिओ पोकरवर त्यासाठी १० डॉलर लागतात. ‘प्राइम’ पायरीला २,५०० गुण हवेत, म्हणजे १२,५०० डॉलर फिरवायचे. वरच्याच हिशेबाने साधारण १,००० डॉलर सोडायचे. ‘सिग्नेचर’ला २५,००० गुण, म्हणजे दहापट. आणि हे गुण वर्षापुरतेच, १ एप्रिलला पाटी कोरी.

कंपनीला हे परवडतं कारण रिकामी केबिन तिच्यासाठी तशीही वाया जाणारी. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नात तिकिटाव्यतिरिक्त जहाजावर होणाऱ्या खर्चाचा वाटा साधारण तीस ते पस्तीस टक्के आहे. दारू, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली आणि कॅसिनो, सगळं त्यात आलं. नव्या जहाजांवर जेवणघरातून नाट्यगृहाकडे जाताना वाट कॅसिनोतूनच का जाते, हेही त्यावरून कळेल. यजमानांना क्रूझ आवडली असेल तर ऑफर जरूर घ्या, पण जाण्याआधी खेळाची रक्कम ठरवा. ‘पुन्हा ऑफर यावी म्हणून’ बसणं हा सगळ्यात महागडा बेत.

कॅसिनोत केबिनचं कार्ड टेकवलं की पैसे येतात. रोख घ्यावेत की कार्ड? आणि आपलं बँकेचं क्रेडिट कार्ड चालतं का? — नाशिक

रोख. केबिनच्या खात्यावर खेळायला पैसे उचलले की बऱ्याच कंपन्या ३ ते ५ टक्के सुविधा शुल्क लावतात. ५०० डॉलर उचलले तर खेळायच्या आधीच १५ ते २५ गेले. कॅश खिडकीवर (तिथे ‘केज’ म्हणतात) डॉलरच्या नोटा देऊन चिप्स घेतल्या तर हे शुल्क पडत नाही. यंत्रात तर नोट थेट सरकवता येते. उठताना यंत्रातली शिल्लक कार्डावर घेतली असेल, तर ती केजवर रोख करून घ्या आणि हे शेवटच्या रात्री कॅसिनो बंद होण्याआधी करा. सकाळी जहाज बंदरात असतं आणि खिडकी बंद.

क्रेडिट कार्डाचं थोडं नाजूक आहे. फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स ‘इत्यादी’साठी परकीय चलन पाठवायला मनाई आहे. कॅसिनोचं नाव त्यात नाही, पण त्या ‘इत्यादी’मुळे आपल्या बऱ्याच बँका ७९९५ या जुगाराच्या व्यापारी संकेतांकाचा व्यवहार नाकारतात. जहाजावर गंमत अशी की कॅसिनोतली उचल केबिनच्या बिलात मिसळते आणि बिल क्रूझ कंपनीच्या नावाने, ४४११ या संकेतांकाने येतं. कार्ड चाललं म्हणजे नियम बदलला असं समजू नका. प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. परतताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा, किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त परकीय चलन असेल, तर कस्टम्सकडे जाहीर करावं लागतं.

घरातल्या कुणाचा हात सुटतो अशी धास्ती असेल, तर जहाजावर चढल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा. ज्यांचं खातं आहे त्यांना स्वतः सांगून कॅसिनोची उचल बंद करून घेता येते किंवा दिवसाची मर्यादा कमी करता येते. हे पहिल्या दिवशीच करावं. तिसऱ्या रात्री ते करण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

जिंकलो तर कर कुठे भरायचा? — डोंबिवली

भारताचे करनिवासी असाल तर जगात कुठेही जिंका, ते उत्पन्न इथे दाखवावं लागतं. जुगारातल्या जिंकण्यावर सरळ ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. मोठ्या उत्पन्नावर अधिभार वेगळा. करमुक्त मर्यादेचा फायदा नाही. हरलेली रक्कम वजाही करता येत नाही, आणि इथेच लोक फसतात : सोमवारी ४०० जिंकले, मंगळवारी ५०० हरले, तर मनातल्या हिशेबात शंभरचं नुकसान, करखात्याच्या हिशेबात चारशेचं उत्पन्न.

अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर स्लॉटचा मोठा जॅकपॉट लागला की यंत्र अडकतं आणि कर्मचारी हातात पैसे द्यायला येतो. त्यासाठीची मर्यादा बरीच वर्षं १,२०० डॉलर होती. असा जॅकपॉट लागला की पासपोर्ट मागतात, फॉर्म भरून घेतात आणि अमेरिकेचे करनिवासी नसाल तर ३० टक्के कापून घेतात. ब्लॅकजॅक, बॅकारा (पत्त्यांचे खेळ), क्रॅप्स (फाशांचा) आणि रूलेट (चाकाचा) यांतल्या जिंकण्याला परदेशी व्यक्तीच्या बाबतीत अमेरिकी कायद्यात सूट आहे. कापल्याचा कागद जपून ठेवा, इथे विवरणपत्र भरताना सीएला लागेल.

मांडवीत खेळणाऱ्यांसाठी एक जोड : चिप्सच्या खरेदीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यांवर नव्याने लागत नाही.

खेळायचंच असेल तर कमीत कमी नुकसान कुठे? तीन पत्तीची सवय आहे. — कोल्हापूर

तीन पत्तीची सवय घरी ठेवा. घरच्या डावात पैसा एकमेकांत फिरतो, इथे समोर कॅसिनो असतो आणि ब्लाइंड-चाल करून त्याला घाबरवता येत नाही.

रूलेटमध्ये आधी चाकावरची शून्यं मोजा. एक शून्य असेल तर ३७ घरं आणि कॅसिनोचा हिस्सा २.७० टक्के. दोन शून्यं असतील तर ३८ घरं आणि ५.२६ टक्के. काही जहाजांवर तीन शून्यांचं चाक असतं, तिथे ७.६९ टक्के. चाक कुठलंही असो, एका आकड्यावर जिंकल्यावर मिळतात तेच ३५ पट.

ब्लॅकजॅकच्या टेबलाच्या कापडावर छापलेलं वाक्य वाचा. ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१) लागल्यावर ‘३ ला २’ असेल तर १५ डॉलरवर साडेबावीस मिळतात, ‘६ ला ५’ असेल तर अठराच. नीट शिकून खेळणाऱ्याला पहिल्या टेबलावर साधारण अर्धा टक्का तोटा, दुसऱ्यावर जवळपास दोन. १५ डॉलरच्या बोलीने तासाला ६० हात खेळलात तर एकीकडे साडेचार डॉलर, दुसरीकडे अठरा. जहाजांवर ‘६ ला ५’ची टेबलं वाढत चालली आहेत, कारण घाईत कुणी कापड वाचत नाही. पत्ते सतत पिसणारं यंत्र असेल तर पत्ते मोजण्याची विद्याही निरुपयोगी.

बॅकारामध्ये कॅसिनोचा हिस्सा ‘बँकर’वर १.०६ टक्के, ‘प्लेयर’वर १.२४. ‘टाय’वर चौदाच्या वर, तिकडे बघूच नका. गोव्यातला अंदर-बाहर दिसतो तसा समसमान नाही. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती ५१.५ टक्के वेळा जिंकते, म्हणून तिला रुपयाला नव्वद पैसे देतात. तरीही हिशेबाने तीच बाजू बरी : तिथे कॅसिनोचा हिस्सा २.१५ टक्के, दुसरीकडे ३.

मुलाला जहाजावर कॅसिनो डीलर व्हायचं आहे. एजंट दीड लाख मागतो. — कणकवली

देऊ नका. सागरी कामगार करार, २००६ भारताने २०१५ मध्ये मान्य केला आहे. त्यानुसार नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका) आणि पासपोर्ट यांचा खर्च त्याचा, व्हिसाचा मात्र जहाजमालकाचा. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का ते नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहा. नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. प्रशिक्षणाची फी ही वेगळी गोष्ट आहे. ती संस्थेला, पावती घेऊन.

कागद : इन्डोस क्रमांक (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारानुसारचे मूलभूत सुरक्षा कोर्स, मान्यताप्राप्त डॉक्टरचा दाखला, अमेरिकी मार्गासाठी जहाज कर्मचाऱ्यांचा सी१/डी व्हिसा. पण निवड होते ती हातावर आणि पाढ्यांवर. रूलेटच्या डीलरला ३५, १७, ११, ८ आणि ५ हे पाढे झोपेतून उठवलं तरी यायला हवेत. एका आकड्यावर (३५ पट) ३ चिप्स आणि दोन आकड्यांच्या जोडीवर (१७ पट) ४ : १०५ अधिक ६८, उत्तर १७३, आणि ते समोरच्याने मान वर करण्याआधी. सोबत वीस चिप्सची चळत एका हाताने कापता यायला हवी. घरी जुन्या नाण्यांवर सराव केला तरी चालतो. आधी गोव्यात वर्ष-दोन वर्षं काम केलेल्या मुलांना जहाजावर लवकर घेतात.

करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे. बंदरात कॅसिनो बंद, त्यामुळे डीलरला किनाऱ्यावर उतरायला इतरांपेक्षा जास्त वेळ मिळतो, सुरक्षा ड्यूटी नसेल तर. सी डेला मात्र पाय भरून येतात. त्या जहाजावर स्वतः खेळायला कर्मचाऱ्यांना बंदी असते.

लहान मुलांना घेऊन कॅसिनोतून जाता येतं का? — वाशी

वाट तिथूनच असेल तर थांबायचं नाही, चालत राहायचं. खेळायचं किमान वय कॅरिबियनमध्ये बहुतेक जहाजांवर १८, गोव्यात २१. टेबलाचे फोटो काढू देत नाहीत. सिगारेटचा त्रास होत असेल तर केबिन कॅसिनोच्या वरच्या मजल्यावर घेऊ नका, कारण जहाजाच्या आत धूम्रपानाला मुभा असलेली ती बहुधा एकमेव जागा असते. मुलं बरोबर असताना हा प्रश्नच नको असेल, तर डिस्नेच्या कॅरिबियनमधल्या जहाजांवर कॅसिनो नाही.